मदत हवी आहे: विषप्रयोगाच्या खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्यांची साखळी (प्रत्यक्षदर्शी नसताना एकमेकांना जोडून गुन्हा दाखवणाऱ्या गोष्टी) कुठे पुरी होते?

नमस्कार मंडळी. मी विधीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभिरूप न्यायालयात (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात) मला सरकारी पक्ष मिळालाय. प्रकरण असं: लग्नानंतर काही महिन्यांतच विवाहितेचा विषाने मृत्यू, खोलीत फक्त नवरा, प्रत्यक्ष साक्षीदार नाही.

पुण्याच्या सारडा खटल्यात (1984) सायनाइड या विषाने विवाहितेचा मृत्यू झाला होता, आरोपी नवरा होता. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली, पण सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. विष आरोपीकडे होतं हे सिद्ध झालं नाही आणि आत्महत्येची शक्यता उरली. तिने बहिणीला लिहिलेली पत्रं वाचून मन हेलावतं, तरी निकाल मला पटतो. नुसत्या संशयावर फाशी देता येत नाही.

उलट सर्वोच्च न्यायालयाचाच किरकन निकाल (2006) म्हणतो, घराच्या चार भिंतींआड मृत्यू झाला तर आतल्यांनी खुलासा द्यायला हवा. तिथे बायकोला साप चावल्याचं सांगितलं गेलं, शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं.

माझ्या प्रकरणात विषाची बाटली कुणी आणली याचा पुरावाच नाही. मग नवऱ्याचं मौन साखळीतली ही कडी भरून काढेल का? फौजदारी वकिली करणाऱ्यांनी कृपया सांगा. शुक्रवारी युक्तिवाद आहे.