'चयापचय' आणि 'पचन' एकच का?

कर्वे रोडला एका व्यायामशाळेची पाटी : 'चयापचय वाढवा, पोट साफ ठेवा.' यातलं 'पचय' म्हणजे पचनच ना?

प्रतिसाद
'पचय' असा शब्दच नाही. फोड चय + अपचय. चय 'चि' धातूपासून, म्हणजे गोळा करणं, रचणं. 'संचय' त्याच घरातला. पचन 'पच्'पासून, म्हणजे शिजवणं. अन्न सुटं होऊन आतड्यातून रक्तात उतरलं की पचन संपलं. पुढे पेशींत त्यातून काही बांधलं जातं तो चय, काही मोडून ऊर्जा काढली जाते तो अपचय. पाटीवाल्यांना जुलाबाचं चूर्ण विकायचं असावं.

प्रतिसाद
मग इन्शुलिन कुठल्या बाजूचं?

प्रतिसाद
चयाच्या. जेवणानंतर साखर वाढली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ते सोडतात. स्नायू आणि चरबी ग्लुकोज आत ओढतात, यकृत त्याचं ग्लायकोजेन (साठवणीचा प्रकार) करून ठेवतं, साधारण 100 ग्रॅम. स्नायूंत याच्या चौपट असतं, पण ते रक्तात परत येत नाही. त्यासाठी लागणारं वितंचक (एन्झाइम) स्नायूंत नसतंच. उपासाला स्वादुपिंडातल्याच अल्फा पेशींचं ग्लुकागॉन यकृताचा साठा मोडायला लावतं, म्हणजे अपचय. हा साठा जेमतेम दिवसभर पुरतो. तोवर यकृतानं अमिनो आम्लं, ग्लिसरॉल वगैरेंतून नवं ग्लुकोज बनवणं वाढवलेलं असतं. (साबुदाण्याची खिचडी खाल्लीत तर इन्शुलिनच्या लेखी ते जेवणच.)

प्रतिसाद
रात्री 8 नंतर पाण्याशिवाय काही नाही, तरी सकाळी रक्तातली साखर 140?

प्रतिसाद
ती यकृतानं सोडलेली. इन्शुलिन कमी पडलं, किंवा यकृत त्याला जुमानेनासं झालं, की ग्लुकोज सोडणं आवरत नाही. पहाटे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचं कॉर्टिसॉलही चढतं, तेही साखर वाढवतं. किमान 8 तास उपाशी राहून 100 च्या आत ठीक, 126 किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.

प्रतिसाद
वर 'वितंचक' आलंय, त्याची संप्रेरकाशी (हॉर्मोनशी) गल्लत नको. स्वादुपिंड दोन्ही बनवतं : वितंचकं नळीवाटे लहान आतड्यात, संप्रेरकं थेट रक्तात. 'प्रेरणे' म्हणजे चालना देणं. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगनं 1905 साली 'हॉर्मोन' शब्द वापरला, त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थही तोच. मराठी शब्द नेमका बसलाय.

प्रतिसाद
थायरॉईडसाठीचा 'अवटू' मात्र बसलेला नाही. संस्कृतात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, ग्रंथी आहे पुढे गळ्याशी! आणि 'मला थायरॉईड आहे' काय म्हणता, तो सगळ्यांनाच असतो. कमी की जास्त ते सांगा.

प्रतिसाद
ते सांगतानाही लोक फसतात. टीएसएच हे अवटूचं संप्रेरक नव्हे, अवटूला चालना देणारं, मेंदूखालच्या पीयूषिकेचं (पिट्यूटरीचं). अवटू मंदावली की पीयूषिका टीएसएच सोडून जोरात हाका मारते, म्हणून बहुधा टीएसएच वाढलं म्हणजे अवटूचं काम घटलं. रिपोर्टवर 'हाय' वाचून 'थायरॉईड वाढलाय' म्हणणं नेमकं उलटं.