संथपणाच या सिनेमाचा जीव आहे

अडीच तासांत काहीच घडत नाही, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. 'द असॅसिनेशन ऑफ जेसी जेम्स बाय द कावर्ड रॉबर्ट फोर्ड' (२००७) मध्ये घडतं ते चेहऱ्यांवर. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग पुन्हा बघा. बॉब, म्हणजे रॉबर्ट फोर्ड, आपल्यात आणि ज्याला तो दैवत मानतो त्या दरोडेखोर जेसीत किती साम्य आहे ते भाबडेपणाने मोजून सांगतो, जेसी त्याची थट्टा करतो, सगळे हसतात. त्या क्षणी बॉब साकारणाऱ्या केसी अॅफ्लेकच्या डोळ्यांत भक्तीचा अपमान कसा होतो ते दिसतं. पुढचा खून मला तिथेच सुरू झालेला वाटतो. अडखळता आवाज, अर्धवट हसू... ऑस्करचं नामांकन उगाच नव्हतं मिळालं. ब्रॅड पिटही थकलेला, संशयाने पोखरलेला जेसी उभा करतो.

छायाचित्रकार रॉजर डीकिन्सने टिपलेला रेल्वे लुटीचा प्रसंग तर विसरताच येत नाही. काळोखं रान, झाडांतून सरकत येणारा इंजिनाचा दिवा आणि वाफेत विरघळणारा जेसी.

आणि शेवटी जेसी पिस्तुलं उतरवून भिंतीवरचं चित्र पुसायला खुर्चीवर चढतो. काचेत त्याला मागचा बॉब दिसतो. तरी तो वळत नाही. ही शांतता घाईत जमलीच नसती.