रोमन लोक ग्रीकांना नावंही ठेवायचे आणि त्यांचंच शिकायचे, हे कसं काय?

अनवट_वाट
सध्या रोमन रिपब्लिकच्या (सम्राट येण्याआधीच्या प्रजासत्ताकाच्या) शेवटच्या दोनशे वर्षांवर वाचतोय आणि एका गोष्टीपाशी सारखा अडकतोय. इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सैन्याने ग्रीसमधलं कॉरिंथ शहर जाळलं, पुरुष मारले, बायकापोरं गुलाम म्हणून विकली, आणि तिथली चित्रं न् पुतळे मात्र जहाजांत भरून रोमला नेले. सेनापती मुम्मियसबद्दल अशी गोष्ट सांगतात की नेणाऱ्या कंत्राटदारांना त्याने बजावलं, काही हरवलं तर तसंच नवीन करून द्यावं लागेल!! म्हणजे त्या वस्तू काय आहेत हे कळत नव्हतं पण हव्या तर होत्या. थोरला केटो, जुन्या वळणाचा रोमन राजकारणी, मुलाला ग्रीक वैद्यांपासून लांब रहा म्हणून सांगतो आणि शंभरेक वर्षांनी रोमन वक्ता सिसेरो आपल्या मुलाला शिकायला थेट अथेन्सलाच पाठवतो. मग नक्की आदर होता, तिरस्कार होता की नुसती श्रीमंतांची फॅशन?

दिवेलागण
माझ्या मते दोन्ही होतं, फक्त दोन वेगवेगळ्या ग्रीकांबद्दल. पुस्तकातले जुने ग्रीक त्यांना पूज्य होते आणि समोर उभा असलेला जिवंत ग्रीक म्हणजे बोलघेवडा, खोटारडा. सिसेरोने इ.स.पू. ५९ मध्ये फ्लॅकस या रोमन अधिकाऱ्याच्या खटल्यात त्याचा बचाव करताना हेच उघड म्हटलंय, ग्रीकांचं साहित्य मान्य, कला मान्य, बोलण्याची हातोटी मान्य, पण साक्ष देताना खरं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. लॅटिनमध्ये 'ग्रेक्युलस' असा शब्दच होता, आपण ग्रीकडा म्हणू तसा.

आणि सिसेरोचंच बघायचं तर सिसिलीचा माजी रोमन गव्हर्नर वेरेस याच्यावरच्या खटल्याची भाषणं वाच. वेरेसने सिसिलीतून ढापलेल्या पुतळ्यांबद्दल सांगताना तो शिल्पकाराचं नाव आठवत नसल्यासारखं करतो, कोण बरं, कोण बरं, हां बरोबर, पॉलिक्लायटस म्हणत होते. पॉलिक्लायटस! ग्रीक शिल्पकलेतलं सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, आणि ते सिसेरोला माहीत नसेल?? पण लोकांसमोर फार माहिती आहे असं दाखवणं बरं दिसायचं नाही. तोच माणूस पुढे दोनतीन वर्षांत अथेन्सला राहणाऱ्या मित्राला, अ‍ॅटिकसला, पत्रांवर पत्रं लिहितो की माझ्या रोमजवळच्या टस्क्युलमच्या घरासाठी पुतळे पाठव, लवकर पाठव. त्या घरात त्याने एका जागेला अ‍ॅकॅडमी आणि दुसरीला लायसियम नाव दिलं होतं (अथेन्समधल्या प्लेटो न् अॅरिस्टॉटलच्या शाळांची नावं), आणि पत्रांत मध्येमध्ये सरळ ग्रीक शब्द. चारचौघांत एक आणि घरात एक, मला तरी हे सगळं नातं यातच दिसतं.

अजून एक, सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराच्या सभेत सिसेरो ग्रीकमध्ये बोलला तर तिथला रोमन गव्हर्नर मेटेलस चिडला, ग्रीकांच्या सभेत बोललास तेच वाईट आणि वर ग्रीकमध्ये बोललास हे तर सहनच होणार नाही म्हणे.

कोरीव
दिवेलागण यांचं पटलं पण सुरुवात १४६ पासून धरू नका प्लीज. ग्रीक गोष्टी बाहेरून येऊन रोमवर चढल्या असं नाहीये, लॅटिन लिपीच ग्रीक लिपीवरून, रोमच्या शेजारच्या एट्रुस्कन लोकांच्या मार्फत आली. अपोलो या ग्रीक देवाचं देऊळ रोममध्ये इ.स.पू. ४३१ चं. लॅटिनमधलं पहिलं नाटक इ.स.पू. २४० मध्ये केलं ते लिव्हियस अँड्रोनिकसने, जो दक्षिण इटलीतल्या टॅरेंटम या ग्रीक शहराकडचा ग्रीक होता, ओडिसी लॅटिनमध्ये आणली तीही त्यानेच. आणि रोमनाने लिहिलेला रोमचा पहिला इतिहास, फेबियस पिक्टरचा, तो तर ग्रीकमध्येच होता. मग 'शुद्ध रोमन' असं वेगळं काढायचं म्हटलं तर कुठून काढणार?

टॅरेंटमचीच अजून एक गोष्ट आहे, इ.स.पू. २८२ ची. रोमचा दूत पोस्टुमियस तिथल्या सभेत ग्रीकमध्ये बोलायला लागला आणि त्याच्या चुकांवर लोक खदाखदा हसले, एकाने त्याच्या टोगावर (रोमन अंगवस्त्रावर) घाण केली. तो म्हणाला, आत्ता हसून घ्या, हा तुमच्या रक्ताने धुतला जाईल. मला केटोचा राग वाचताना नेहमी हे आठवतं. ते हसणं रोमन पिढ्यानपिढ्या विसरले नसावेत असं मला मनापासून वाटतं.

पाणपोई
एक बाजू राहिली, ज्यांना आणलं गेलं त्यांची. इ.स.पू. १६७ मध्ये ग्रीक शहरांच्या अकाइयन संघाची हजारेक प्रतिष्ठित माणसं ओलीस म्हणून इटलीत आणली, ना खटला ना काही. त्यातलाच एक इतिहासकार पॉलिबियस. त्याचं नशीब की बड्या रोमन घरातल्या स्किपिओशी मैत्री झाली, रोममध्ये राहता आलं, लिहिता आलं. बाकीचे गावोगाव ठेवलेले. सतरा वर्षांनी सोडायचा विषय सिनेटमध्ये आला तेव्हा तीनशेही उरले नव्हते, आणि स्किपिओने शब्द टाकल्यावर केटो काय म्हणाला, तर ह्या ग्रीक म्हाताऱ्यांना आपल्या लोकांनी पुरायचं की त्यांच्या यावर दिवसभर काय बसलोय. त्यांची सुटका झाली ती ह्या वाक्यावर. मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

अनवट_वाट
धन्यवाद सगळ्यांना, पॉलिक्लायटसचं तर माहीतच नव्हतं. मग ही लाज संपली कधी? कारण मार्कस ऑरेलियस सम्राट असून स्वतःसाठीच्या नोंदी ग्रीकमध्ये लिहितो ना.

दिवेलागण
हळूहळू. सम्राट क्लॉडियस लॅटिन न् ग्रीकला 'आपल्या दोन्ही भाषा' असं म्हणायचा, वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन तर मुलाला आधी ग्रीकच शिकवा म्हणतो. पण पूर्ण नाही संपली, सम्राट हेड्रियनला लहानपणी ग्रीकचं इतकं वेड होतं की त्याला चिडवायचे ते 'ग्रेक्युलस' म्हणूनच. त्यानेच पुढे अथेन्समधलं ऑलिंपियन झ्यूसचं देऊळ पुरं केलं, सहाशे वर्षं रखडलेलं.