थंडीत पानं नसताना ओक कसा ओळखायचा? (न्यू जर्सी)

पाचोळा:
नमस्कार मंडळी. मध्य न्यू जर्सीत घराच्या मागे तीन मोठी झाडं आहेत. दोन पूर्ण बोडकी झालीत, तिसऱ्यावर मात्र वाळलेली तपकिरी पानं अजून लटकून आहेत. झाडं तोडणारा एक जण बघून गेला. त्याच्या मते तिन्ही ओक आहेत आणि पानं न गळलेलं झाड मेलंय, ते काढावं लागेल. हे ओकच आहेत हे आत्ता, जानेवारीत, कसं ठरवायचं? कोणत्या जातीचे? आणि एक झाड गेलं तर नेमकं काय जातं?

डहाळी:
आधी ते 'मेलेलं' झाड बघू, कारण तिथे घाई झाली तर भरून येणार नाही. ओकची पानं थंडीभर लटकून राहणं हे मरणाचं लक्षण नाही. देठाच्या बुडाशी पान तोडणारा थर शरदात पुरता तयार होत नाही, म्हणून पान सुकतं पण सुटत नाही. नवे डोळे (डहाळीवरचे अंकुर) फुगायला लागले की गळतं. तरुण झाडांवर आणि खालच्या फांद्यांवर हे जास्त दिसतं. खात्री करायची तर बोटाएवढी डहाळी नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर लागलं तर फांदी जिवंत आहे. बाकी झाड बोडकं आणि एकाच फांदीवर पानं असतील तर मात्र ती फांदी उन्हाळ्यात मेली असण्याची शक्यता. तिचे डोळे सुरकुतलेले असतात आणि ती कट्‌कन मोडते.

आता ओळख. सालीपासून सुरुवात करू नका, कोवळ्या ओकची साल गुळगुळीत असते आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. खाली पडलेल्या पानांवरही विसंबू नका, ती शेजारच्या अंगणातून उडत आलेली असू शकतात. डहाळीचं टोक हातात घ्या.

डोळे समोरासमोर जोडीने असतील तर तो ओक नाही, बहुधा मेपल किंवा अ‍ॅश. ओकचे डोळे आलटून-पालटून येतात आणि अगदी टोकाला तीन-चार डोळ्यांचा झुबका असतो. तो झुबका ही ओकची सगळ्यात भरवशाची खूण. टोकाशी गर्दी काही चेरींच्या आखूड डहाळ्यांवरही दिसते, म्हणून शंका असेल तर धारदार पात्याने डहाळी आडवी कापा आणि दहापट भिंगातून गाभा पाहा. ओकचा गाभा पाच टोकांच्या चांदणीसारखा दिसतो. पातं बोथट असेल तर गाभा चेंगरतो आणि चांदणी दिसत नाही.

लटकलेली पानं बीचवरही असतात. पण बीचचे डोळे लांब, सडपातळ, टोकदार असतात आणि साल राखाडी, मोठ्या झाडालाही गुळगुळीत.

रानबोली:
डहाळी यांनी पाया घातलाच आहे, मी जातींचं सांगतो. डोळ्याचं टोक बोथट की टोकदार, एवढ्यावर निम्मं काम होतं.

व्हाइट ओकचे डोळे बोथट, गोलसर, जेमतेम ३ मिलिमीटर. साल फिकट राखाडी, खोडाच्या वरच्या भागात तिचे लांबट पापुद्रे सुटलेले दिसतात. रेड ओकचे डोळे टोकदार, चकचकीत तांबूस, साधारण ६ मिलिमीटर. मोठ्या झाडाच्या सालीवर उभे, सपाट, चमकदार पट्टे असतात, बर्फात स्की घासत गेल्यासारखे. ब्लॅक ओकचे डोळे त्याहून मोठे, कोनदार आणि करड्या लवेने भरलेले. पिन ओक तर लांबूनही कळतो. खालच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, मधल्या आडव्या, वरच्या उभ्या.

चेस्टनट ओक इथे घोळ घालतो. तो व्हाइट ओकच्या गटातला, पण डोळे टोकदार. त्याची साल इतक्या खोल, जाड भेगांची असते की एकदा पाहिली की विसरत नाही.

एक खूण फक्त थंडीत आणि वसंतातच नीट दिसते. रेड ओकच्या गटात एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, पिकायला दोन हंगाम लागतात. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या डहाळीवर मिरीच्या दाण्याएवढी कच्ची एकॉर्न बसलेली सापडतात. व्हाइट ओकची एकाच हंगामात पिकून गळतात, त्याच्या डहाळीवर अशी मिरी नसते.

पाचोळा:
पाहून आलो. पहिल्याचे डोळे टोकदार, चकचकीत, सालीवर पट्टे आहेत. दुसऱ्याचे बोथट. तिसऱ्याच्या खालच्या फांद्या झुकलेल्या आणि खरवडल्यावर आत हिरवं. पण त्याच्या डहाळ्यांवर लिंबाएवढ्या कडक गाठी आहेत. हा रोग का?

रानबोली:
पहिला रेड ओक (न्यू जर्सीचा राज्यवृक्ष, १९५० पासून), दुसरा व्हाइट ओक, तिसरा पिन ओक. गाठी म्हणजे छोट्या गांधीलमाश्यांनी करून घेतलेली घरं. आपण बाळगुटीत उगाळतो ते मायफळ याच जातकुळीतलं. ते फळ नाहीच, तुर्कस्तान-इराणकडच्या एका ओकवरची अशीच गाठ. तुमच्या झाडावर थोड्या असतील तर सोडून द्या, फवारणीने काही साधत नाही. फार झाल्या तर त्या डहाळ्या वाळतात, तेवढ्या थंडीत छाटा.

डहाळी:
पिन ओकबद्दल एक गोष्ट तपासायची राहते. इथे रेड ओकच्या गटाला (पिन ओक त्यातलाच) पानं करपवणारा एक जिवाणूजन्य रोग बराच आहे. तो थंडीत कळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पानाची कड तपकिरी आणि आतल्या हिरव्या भागाच्या सीमेवर पिवळी रेघ दिसते का पाहा. तोवर झाड काढायचा निर्णय घेऊ नका.

अळीमिळी:
'काय जातं' याचं उत्तर अळ्यांपासून सुरू होतं. डेलावेअर विद्यापीठाचे डग्लस टॅलमी यांच्या नोंदींनुसार या मध्य-अटलांटिक भागात ओकवर ५०० हून अधिक जातींच्या पतंग-फुलपाखरांच्या अळ्या जगतात. दुसऱ्या कोणत्याही झाडावर इतक्या नाहीत. चिकडी या छोट्या पक्ष्याची एक वीण उडायला लागेपर्यंत ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. दाण्याच्या भांड्याने हे भागत नाही, पिल्लांना अळीच लागते.

एकॉर्नचं जग तर विलक्षण आहे. व्हाइट ओकची एकॉर्न पडल्यावर त्याच शरदात रुजायला लागतात, म्हणून खार पुरण्याआधी त्यातला कोंब कुरतडून काढते, नाहीतर सरळ खाऊन टाकते. रेड ओकची वसंतात रुजतात, ती तशीच पुरते. त्यातली विसरलेली तेवढी उगवतात. ब्लू जे पक्षी घशाच्या पिशवीत एका वेळी अनेक एकॉर्न भरून दूर नेतो, नवा ओक आईच्या सावलीबाहेर उगवतो तो बराचसा त्याच्यामुळे.

न्यू जर्सीतल्याच बास्किंग रिज गावचा व्हाइट ओक सुमारे ६०० वर्षं जगला, २०१७ मध्ये काढावा लागला. तुमच्या झाडापुढे किती काळ असू शकतो याचा त्यावरून अंदाज घ्या.

आत्ता करण्यासारखं: खोडाभोवतीचा पालापाचोळा ब्लोअरने हाकलू नका. झाडावर वाढलेल्या कित्येक पतंगांचे कोष त्यातच थंडी काढतात. फांद्यांच्या पसाऱ्याखाली शक्य तितकी जागा पाचोळ्यासाठी ठेवा, थर बोटभर-दोन बोटं पुरे, खोडाला टेकवू नका. त्या जागेवरून गाडी किंवा जड यंत्र नेऊ नका. ओकची बहुतेक मुळं वरच्या हातभर मातीत असतात आणि माती दाबली गेली की झाड काही वर्षांनी वरून वाळायला लागतं. तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

खोडावर भुरकट, मखमली ठिगळं दिसली तर ती स्पंजी मॉथची (पानं खाणाऱ्या अळ्यांच्या पतंगाची) अंडी, एकेका ठिगळात शेकडो. एप्रिलच्या आत बोथट सुरीने खरवडून साबणाच्या पाण्यात टाका. जमिनीवर पाडली तर ती उबतातच. करड्या चिखलाच्या लेपासारखं काही दिसलं तर ती लँटर्नफ्लाय या किडीची अंडी, तीही तशीच काढा.

पाचोळा:
मनापासून आभार. कंपनीला नको म्हणून कळवलं. पिन ओकची एक फांदी सुकलेली निघाली, ती कधी काढू?

डहाळी:
फेब्रुवारी संपायच्या आत. एप्रिल ते जुलै ओकवर करवत चालवू नका, ताज्या जखमेवर येणारे किडे तेव्हा बुरशी पसरवतात. फांदी खोडाला सपाट कापू नका, तिच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या जरा बाहेरून कापा. आधी खालून एक-तृतीयांश, मग वरून, म्हणजे साल ओरबाडत खाली येणार नाही. जखमेवर रंग लावायची गरज नाही.