बाइकचं इंजिन ऑइल घरी बदलायचंय: मॅन्युअलमधल्या दोन आकड्यांपैकी कोणता धरायचा?

नवा_पाना:
१५० सीसीची एअर-कूल्ड बाइक आहे. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे दिलेत: ड्रेन केल्यावर १ लिटर, इंजिन खोलल्यावर १.२ लिटर. ग्रेड १०डब्ल्यू-३०, जासो एमए२ (बाइकच्या तेलाचं जपानी मानक). नेमकं किती ओतायचं? इंजिन गरम असताना तेल काढायचं की थंड झाल्यावर? आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी बदलावाच लागतो का? रिंग पाना, नरसाळं, पसरट भांडं आहे. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) नाही.

सतराचा_पाना:
१ लिटरचा आकडा धरा. कितीही वेळ गळू दिलं तरी क्लच प्लेटांमध्ये, हेडमध्ये आणि तेलाच्या बारीक वाटांत थोडं जुनं तेल राहतंच. १.२ लिटर हे इंजिन पूर्ण खोलून कोरडं जोडल्यानंतरचं माप. तेवढं ओतलंत तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, फेसाळ तेलाचा दाब टिकत नाही आणि जास्तीचं तेल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं.

तेल कोमट हवं. ३-४ मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करून ५ मिनिटं थांबा. तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ त्याच्याबरोबर निघून येतो. लांबून आल्याआल्या मात्र बोल्टला हात लावू नका, पहिली धार थेट मनगटावर येते.

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. आधी वरचं, तेल ओतायचं झाकण उघडा, मग खालचा बोल्ट. वरून हवा मिळाली की धार अखंड पडते, शिवाय झाकण जाम असेल तर ते तेल काढायच्या आधीच कळतं. वरून वाकून बघताना बोल्टची दिशा उलटी भासते आणि सैल करायच्या नादात माणूस तो आवळत बसतो. खालून, बोल्टच्या डोक्याकडे बघून डावीकडे फिरवा.

आटे_जपा:
वॉशर बदलाच. तांब्याचा असो वा अ‍ॅल्युमिनियमचा, तो एकदा दाबला जाऊन जागा धरतो. तोच पुन्हा लावला की थेंब झिरपतो, मग लोक अजून आवळतात. बोल्ट पोलादी, इंजिनचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे. जातात ते इंजिनचे. घरी तेल बदलताना होणारं सगळ्यात महागडं नुकसान हेच आहे.

बोल्ट बसवताना आधी बोटांनी उलटा फिरवा. हलकासा ‘टक्’ जाणवतो, तिथे आट्याची सुरुवात असते. तिथून सुलटा, निदान ३-४ फेरे नुसत्या बोटांनी. अडला तर पाना लावू नका, बाहेर काढा, पुसा, पुन्हा सुरुवात करा.

टॉर्क मॅन्युअलमध्ये बघा. १२ मिमी आट्यांच्या बोल्टला तो बहुतेक २० ते ३० न्यूटन-मीटर असतो. रेंच नसेल तर सामान तोलायचा हुकाचा काटा पान्याला अडकवा. बोल्टच्या मध्यापासून १५ सेंमीवर, पान्याला काटकोनात १५ किलो ओढ दिली की साधारण २२ न्यूटन-मीटर होतात. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे आत जाऊन जाळीत अडकतात. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्यावा लागतो.

नवा_पाना:
काट्याची युक्ती जमेल. ऑइल फिल्टर कार्ट्रिजचा (झाकणाआड सुटा बसणारा) आहे, त्याची बाजू कशी ओळखायची? आणि घरात कारच्या तेलाचा सीलबंद डबा आहे, ग्रेड तोच. चालेल?

सतराचा_पाना:
कारचं तेल नको. बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो: आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं, तुमच्या गाडीला एमए२.

फिल्टर काढताना स्प्रिंग कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो काढून ठेवा. नव्यावर बाणाची किंवा ‘आउट साइड’ची खूण असेल तर तीच प्रमाण. उलटा बसला तर तेलाची वाट अडते. झाकणाची ओ-रिंग नवी घ्या आणि तेलाचं बोट फिरवून बसवा.

आधी ९०० मिली ओता. २-३ मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, बंद करून तेवढंच थांबा, मग डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) पुसून बघा. काही गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत पूर्ण बसवून. हे मॅन्युअलमध्ये आधी वाचा, नाहीतर पातळी चुकीची दिसते. उरलेलं थोडं थोडं घालत वरच्या रेषेच्या किंचित खाली थांबा.

आटे_जपा:
काढलेलं तेल रिकाम्या डब्यात भरण्याआधी उजेडात बघा. काळं असणं ठीक. दुधाळ, कॉफीसारखं असेल तर पाणी शिरलंय. बोटांना टोचणारा धातूचा कीस लागला तर गाडी चालवू नका, आधी इंजिन दाखवा. हातमोजे घालाच, वापरलेलं तेल वारंवार कातडीला लागणं कर्करोगाला निमंत्रण आहे. ते गटारात, मातीत ओतू नका, जाळूही नका. जुनं तेल पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्यांकडेच द्या.