१९६९च्या सी-१० पिकअपला सिल्व्हरॅडोची वीस इंची चाकं बसतील का?

सी१०_मिशिगन

नमस्कार मंडळी. डेट्रॉइटजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी १९६९ची शेवरोले सी-१० घेतली, आखूड हौद्याची. आधीच्या मालकाने पुढे अडीच इंचांचे ड्रॉप स्पिंडल (गाडी पुढून खाली आणणारे चाकाचे दांडे) आणि सहा नटांचे डिस्क ब्रेक टाकलेत, मागे चार इंच बुटक्या कॉइल स्प्रिंग. इंजिन ५.३ लिटरचं व्ही-८. सध्या १५×८च्या लोखंडी रिम आहेत, बॅकस्पेस (हबला टेकणाऱ्या तोंडापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर) चार इंच, टायर २३५/७५ आर १५. कुठेही घासत नाही.

शेजाऱ्याने नव्या शेवरोले सिल्व्हरॅडो पिकअपला दुसरी चाकं लावली आणि कंपनीची काढलेली चारही टायरसकट मला ५०० डॉलरला देतोय. २०×९, मागच्या बाजूला +२७ (ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारं तोंड रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर) कोरलेलं आहे, टायर २७५/५५ आर २०. नटांचं माप दोन्हीकडे सहा गुणिले साडेपाच इंच (सहा नट, साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर), म्हणजे थेट बसायला हवीत. ड्रायव्हर बाजूचं मागचं चाक मोजलं: बाहेर मडगार्डच्या ओठापर्यंत सव्वा इंच, आत दोन इंच मोकळे. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या बाजूला दीड इंच.

गाडी नुसती मिरवायची नाही, थंडीआधी हौदा भरून जळाऊ लाकूड आणतो. रविवारपर्यंत त्याला हो-नाही सांगायचंय. घेऊ का?

टूलरूम_ओहायो

घेऊ नका. का ते सांगतो, म्हणजे पुढची चाकं निवडताना उपयोग होईल. मी पुण्यात टूलरूममध्ये होतो, इथे येऊन २५ वर्षं झाली, आणि माझ्याकडे १९७१ची सी-१० आहे. (७१पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि पाच नट आले, पाच गुणिले पाच इंच. त्यामुळे ६७ ते ७० आणि ७१-७२च्या गाड्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी चाकं एकमेकींना बसत नाहीत. जुन्या बाजारातून घेताना हे लक्षात असू द्या.)

नट जुळले म्हणजे चाक बसलं असं नाही. रिमची रुंदी सांगतात ती टायर टेकतो तिथली. कडेपासून कडेपर्यंत साधारण एक इंच जास्त भरते. तुमची आत्ताची ८ची रिम म्हणजे ९ इंच. चार इंच आत, पाच इंच बाहेर. शेजाऱ्याची ९ची म्हणजे १० इंच, मध्य पाचावर, त्यात २७ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित जास्त. सहा इंच आत, चार इंच बाहेर. चाकाची आतली कड आजच्यापेक्षा दोन इंच आत जाणार आणि बाहेरची एक इंच आत. पुढे तुमच्याकडे दीडच इंच आहे. पहिल्याच वळणावर लागेल.

आता उंची. २३५/७५ आर १५ भरतो २८.९ इंच, २७५/५५ आर २० भरतो ३१.९. तीन इंचांचा फरक, त्यातला दीड इंच वर मडगार्डकडे, आणि गाडी तुमची आधीच खाली बसवलेली. मीटरही चुकेल: काटा ६०वर असेल तेव्हा गाडी ६६ने पळत असेल.

नटांचंही बघा. सिल्व्हरॅडोचे स्टड (नट ज्यावर चढतात ते बोल्ट) १४ मिलिमीटरचे, तुमच्या जुन्या हबचे ७/१६ इंचाचे, म्हणजे ११ मिलिमीटर. मोठ्या भोकात लहान नट बसवला तर त्याचा उतार कडेला पूर्ण टेकत नाही. हातानं घट्ट वाटेल, पण टेकलेला नसेल.

आणि एक विनंती. तुम्ही एकच बाजू मोजलीत. दुसरी मोजा. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी, जॅकवर नाही. मडगार्डच्या ओठावरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या पोटापर्यंत पट्टी लावा. माप सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लिहा, डोळ्याने "साधारण" नको. आकडे आले की बोलू.

एफ१००_जर्सी

टूलरूमकाकांशी सहमत. माझी फोर्ड एफ-१०० पिकअप, पाच गुणिले साडेपाच. मला आवडलेली चाकं पाच गुणिले पाचची होती म्हणून एका दुकानाने दोन इंची अडॅप्टर (हब आणि चाकाच्या मधली, नटांचं माप बदलणारी जाड चकती) बसवून दिले. पन्नास मैलांनंतर नट पुन्हा आवळायचे असतात हे कोणी सांगितलं नाही. साठेक मैलांवर मागून घरघर ऐकू आली, थांबून पाहिलं तर अडॅप्टरचे दोन नट बोटाने फिरत होते. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. त्या संध्याकाळी अडॅप्टर काढले ते कायमचे. गाडीच्या मापाचं चाकच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालेल.

सी१०_मिशिगन

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओळंबा लावला. ड्रायव्हर बाजूला बाहेर सव्वा इंच, आत दोन. दुसऱ्या बाजूला बाहेर फक्त अर्धा इंच आणि आत पावणेतीन! तीनदा मोजलं. सहा सुतांचा फरक. हौदा वाकडा बसलाय की चेसिसला अपघात झालाय? खूप अस्वस्थ झालोय.

टूलरूम_ओहायो

घाबरू नका, चेसिस ठीक असणार. दोन्ही बाजूंची बेरीज करा: सव्वा अधिक दोन, सव्वातीन. अर्धा अधिक पावणेतीन, सव्वातीन. म्हणजे जागा दोन्हीकडे तितकीच आहे, ॲक्सल तीन सूत एका बाजूला सरकलाय.

तुमच्या गाडीला मागे पाटे नाहीत, कॉइल आणि लांब ट्रेलिंग आर्म (ॲक्सलला पुढे-मागे धरणारे दांडे) आहेत. ॲक्सलला आडवं धरून ठेवतो तो पॅनहार्ड बार, एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला. गाडी चार इंच खाली आणली की बार गोलाईत फिरतो आणि ॲक्सलला सोबत खेचतो. आधीच्या मालकाने स्प्रिंग बदलल्या, बार मूळचाच ठेवला. लांबी कमी-जास्त करता येणारा बार मिळतो, तो टाका आणि दोन्हीकडे सारखं माप आणा. बारीक टायरवर हे कळलं नसतं. रुंद टायर टाकून हौदा भरला असता की एकच बाजू घासली असती, आणि तुम्ही चाकांना दोष देत बसला असता.

बार झाल्यावर बाहेर सात सूत आणि आत दोन इंच तीन सूत मिळायला हवेत. त्या मापावर माझं मत असं: १८×८, बॅकस्पेस साडेचार, टायर २५५/५५ आर १८, चारही सारखे. उंची २९.०, आजच्याइतकीच, मीटर बरोबर राहील. रिम अर्धा इंच आत सरकते, टायर प्रत्येक बाजूला तीन सूत रुंद होतो. पुढे आतली जागा दीड इंचावरून पाच सुतांवर येते. कमी आहे पण पुरेशी. बाहेरून दिसायला जवळपास आजच्यासारखंच.

वीसचा मोह मला समजतो. पण लाकूड भरायचं असेल तर टायरची भिंत हवीच. खड्ड्यात रिम वाचते ती तिच्यामुळे. या मापात लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) १०९चा घ्या, म्हणजे चाकामागे १०३० किलो. कारचा टायर पिकअपला लावताना तो आकडा १.१०ने भागायचा असतो, म्हणजे सुमारे ९३५. भरल्या गाडीने एकदा वजनकाट्यावर जा आणि मागच्या ॲक्सलचं वजन घ्या, अंदाजावर राहू नका.

ऑर्डरआधी पुढच्या हबचं तोंड आणि ग्रीसची टोपी कॅलिपरने मोजून दुकानदाराला कळवा. रिमचं मधलं भोक त्यावरून गेलं पाहिजे. टायर आले की बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ असेल तर २०२४चा तेविसावा आठवडा. फार जुना निघाला तर परत करा.

सी१०_मिशिगन

पाच आठवड्यांनी लिहितोय. शेजाऱ्याला त्याच रविवारी नाही सांगितलं, त्याला वाईट वाटलं नाही. बार टाकला. दोन संध्याकाळी गेल्या, कारण चेसिसकडचा बोल्ट गंजून एकजीव झाला होता. आता दोन्हीकडे बाहेर सात सूत. एका बाजूला अर्धा सूत जास्त आहे, तो तसाच ठेवला.

काट्यावर लाकूड भरून मागचा ॲक्सल १,१९० किलो, म्हणजे चाकामागे सहाशेच्याही आत. १८×८ बसवली. पुढे पूर्ण वळवून एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवलं, आत बोट जातं आणि वर थोडी जागा उरते. साठ मैलांनी नट पुन्हा आवळले. चोवीसपैकी एक पाव फेरा फिरला.

टूलरूम_ओहायो

तो एक नट कोणत्या चाकाचा होता? त्यावर खडूने खूण करा आणि शंभर मैलांनी पुन्हा बघा. पुन्हा फिरला तर चाक काढून स्टड आणि नटाची बैठक तपासा.

सी१०_मिशिगन

पुढचं डावं. खूण केली. शनिवारी लाकूड आणायला जातोय, परत आल्यावर बघून इथे लिहितो.