दिवाळीच्या पार्टीसाठी ओव्हनमधले शंकरपाळे: दगड का होतात?

पोळपाट_लाटणं
भाऊबीजेनंतरच्या शनिवारी 4 ते 8 वयाची 15 मुलं घरी येणार आहेत. तळण कमी करायचंय. शंकरपाळे असे केले: कणीक 250 ग्रॅम, तूप 2 टेबलस्पून, गूळ 100 ग्रॅम गरम दुधात विरघळवून. 180 अंशांवर 25 मिनिटं. कडा काळ्या, आतून दगड. शिवाय दूध फाटलं ते वेगळंच. कुठे चुकलं? चकली-चिवड्याचंही असं काही जमेल का?

तूपमोहन
मोहन फारच कमी. तळताना तेल थोडंफार सांभाळून घेतं, ओव्हन नाही. 250 ग्रॅम कणकेला 75 ग्रॅम कडकडीत तूप घालून चोळा. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोकल्यावर फुटली पाहिजे.

गूळ गरम दुधात घालू नका, फाटणारच. 80 ग्रॅम गूळ 60 मिली कोमट पाण्यात विरघळवून गाळा, पूर्ण गार करा, मग हेच गुळाचं पाणी थोडं थोडं घालत गोळा नुसता जमवून आणा. पोळीच्या कणकेसारखा तिंबलात की चिवट झालाच. दगड व्हायचं हे दुसरं कारण. 20 मिनिटं झाकून ठेवा, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा पातळ लाटा, काट्याने टोचे मारा.

गूळ लवकर करपतो, म्हणून 160 अंश, 18 ते 20 मिनिटं. बाहेर काढताना शंकरपाळे दाबले तर जरा मऊच लागतात. तिथे 'अजून पाचच मिनिटं' म्हणालात की संपलं. जाळीवर गार झाले की खुसखुशीत होतात.

आणि हे काही कमी तुपाचे नाहीत हं! मैदा आणि तळण तेवढं टळतं.

भाजणीचा_डबा
चकली भाजायच्या भानगडीत पडू नका. तापलेल्या तेलात आतल्या पाण्याची झटक्यात वाफ होते, म्हणून तिला जाळी पडते. ओव्हनमध्ये ती हळूहळू वाळत जाते आणि कडक होते. तळूनच करा, पण दोनच वेढ्यांची.

चिवड्यात मात्र तेल खरंच वाचतं. पातळ पोहे 250 ग्रॅम, दोन तास उन्हात. मग दोन घाण्यांत मंद आचेवर 5-6 मिनिटं भाजा. आच मोठी झाली की आक्रसतात. फोडणीला 3 टेबलस्पून तेल पुरतं: मोहरी, हिंग, हळद, भरपूर कढीपत्ता. तेल कमी असलं की मीठ तळाशी जाऊन बसतं. म्हणून 1 चमचा मीठ आणि 2 चमचे साखर मिक्सरमधून अगदी बारीक करून फोडणी कोमट असतानाच भुरभुरा.

खलबत्ता
त्या चिवड्यात अख्खे शेंगदाणे नकोत. 4-5 वर्षांची मुलं पळता पळता खातात, दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. डाळंही जाडसर भरडून घाला. दाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी कोणाला आहे का, ते आईवडिलांना आधीच विचारा. तूपही दुधातच मोडतं.

पोळपाट_लाटणं
किती दिवस आधी करून ठेवता येईल?

भाजणीचा_डबा
दोन्ही बुधवारी करा. चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की सादळतो. सादळलाच तर ट्रेमध्ये पसरून 120 अंशांवर 5 मिनिटं.